गट आणि ग्रुप



मी मुंबईहून, लालबागहून आलेय. लालबाग म्हटलं की सगळ्यांना गणपती आठवतो. पण तुमच्यापैकी कितीतरी जणींचे आजोबा, सासरे, वडील इथल्या गिरण्यांत कामाला होते. चाळीतल्या एकेका खोलीत दहा-दहा, वीस-वीस गाववाले पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर करायचे. तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या ट्रंकेवर आमच्याकडच्या चाळीचा पत्ता अजून रंगवलेला असेल. तेव्हा मी काही तुम्हाला अगदीच परकी नाही.

मी बचत गटांचं काम बघते. आज मला विषय दिलाय तो असा, की मोबाईलचा, सोशल मीडियाचा उपयोग करून गटात नवीन बायका कशा आणायच्या आणि आलेल्या कशा टिकवायच्या. मोबाईलमुळे आमच्याकडे काही जणी आल्या, त्यांचं मी सांगेनच. पण मोबाईलमुळेच एक जण गेली, आणि ती माझ्या चुकीने गेली. ते सांगितल्याशिवाय मी इथून उठणार नाही.

आधी एक शब्दांचा घोळ मिटवते. आमच्याकडे ‘गट’ म्हणजे बचत गट, आणि ‘ग्रुप’ म्हणजे मोबाईलवरचा. दोन्हींचा अर्थ एकच, पण आम्ही बोलताना ते वेगळे ठेवतो. का, ते पुढे कळेल.

आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा होता. उद्या पाणी येणार नाही, रविवारी मंडळाची सभा, गावच्या जत्रेची वर्गणी, अमक्याची आई वारली, सगळं त्यावर खडूने लिहिलं जायचं. फळ्याची गंमत अशी, की तो वाचायला थांबलं की दुसरं कुणीतरी भेटायचंच. सभेची वेळ वाचता वाचता जिन्यातच अर्धी सभा होऊन जायची. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला शेजारचा वाचून दाखवायचा. आमचा गट २०१३ साली सुरू झाला तेव्हा चौदा जणी होतो, आणि बैठकीचा निरोप त्या फळ्यावरच लागायचा. महिना दोनशे रुपये बचत. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, ही पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल, तशी आम्हालाही होती. आणि ती चालायची, कारण सगळ्या एकाच जिन्याने चढत-उतरत होतो.

मग चाळ पुनर्विकासाला गेली. नवी इमारत होईपर्यंत भाडं मिळणार होतं, पण त्या भाड्यात लालबागला खोली मिळते कुठे? एक दिव्याला गेली, दोघी कळव्याला, एक नालासोपाऱ्याला, एक थेट बदलापूरला. चौदातल्या पाच-सहाच बैठकीला यायला लागल्या. फळा कुठे गेला कुणास ठाऊक. भंगारात गेला असेल.

म्हणून मी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. पहिले आठ दिवस सगळ्या खूश. लांब गेलेल्या पुन्हा एकमेकींशी बोलायला लागल्या. मग फुलं आली. सकाळी सुप्रभात, मंगळवारी बाप्पा, गुरुवारी दत्तगुरू, शुक्रवारी लक्ष्मी, रात्री शुभ रात्री आणि मधल्या वेळात वजन कमी करण्याचे काढे. एकदा बैठकीची तारीख बदलल्याचा माझा निरोप त्या फुलांखाली गाडला गेला. तिघी जणी जुन्याच तारखेला आल्या आणि बंद दारासमोर उभ्या राहिल्या. एकीचा त्या दिवसाचा रोज बुडाला. ती मला काही बोलली नाही, पण पुढच्या दोन बैठकांना आली नाही.

मग मी सेटिंग बदललं. त्यात अशी सोय आहे, की फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं, बाकीच्यांनी वाचायचं. शांतता झाली. पण ती इतकी झाली, की ग्रुप म्हणजे सरकारी कचेरीतली नोटीस वाटायला लागली. कुणी उघडून बघेना. शेवटी दोन ग्रुप केले. एकाचं नाव ‘निरोप’. त्यात फक्त मी आणि आमच्या अध्यक्षबाई लिहितो, महिन्याला चार-पाच निरोप, त्याच्यावर नाही. दुसऱ्याचं नाव ‘कट्टा’. तिथे फुलं टाका, रेसिपी टाका, सुनेचं कौतुक करा, मी बघायलाही येणार नाही म्हटलं. बघते अर्थात.

आमच्यातल्या एक मावशी भाजी विकतात. त्यांना अक्षरओळख नाही. ग्रुप लिहिण्याचा होता तोवर त्या त्यात असून नसल्यासारख्या. एकदा त्यांच्या नातीने त्यांना माईकचं चिन्ह दाबून बोलायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर आवाज, मागे पालेभाजीचा सौदा चाललेला आणि मावशी सांगतायत, “मी येतंय गो, माका सोडून सुरू करू नको.” तेव्हापासून ‘निरोप’ ग्रुपवर मी लिहिते आणि तेच बोलूनही पाठवते. तुम्ही आत्ता मला कानांनीच ऐकताय, तुम्हाला याचं महत्त्व काय सांगायचं! पण गटाची कामं करणाऱ्या आम्ही शिकलेल्या बायका हे पटकन विसरतो. आपल्याला लिहिणं सोपं, म्हणून सगळ्यांना वाचणं सोपं असं धरून चालतो.

आता नवीन बायका आणण्याचं. आधी आम्ही फेसबुकवर पेज काढलं. त्यावर काय टाकलं? प्रमुख पाहुण्यांचा सत्कार, शाल, नारळ, व्यासपीठावर सहा खुर्च्या, आणि मागे गटाच्या बायका उभ्या. लाईक भरपूर आले. गटात एकही बाई आली नाही. मी तरी असल्या फोटोला बघून कुठे गेले असते!

पुढच्या एप्रिलमध्ये मसाल्याचा हंगाम आला. आमच्या लालबागला मसाल्याची गल्ली आहे, उन्हाळ्यात मुंबईभरच्या बायका तिथे येतात. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, पांडी, अशी वेगवेगळी मिरची घ्यायची, धणे, खडा मसाला घ्यायचा, तिथेच भाजून डंकावर कुटून घ्यायचा आणि वर्षाची बरणी भरायची. आमच्या गटाने त्या वर्षी ऑर्डरीचा मसाला केला. एकीच्या मुलीने मिरची भाजतानाचं शूटिंग केलं. खाट उठलेली, सगळ्या ठसकतायत, डोळ्यांतून पाणी आणि हसू दोन्ही, आणि अध्यक्षबाई पदर नाकाला लावून ओरडतायत की पंखा बंद करा. ना व्यासपीठ ना शाल. ते सगळ्यांनी आपापल्या स्टेटसला ठेवलं. स्टेटस चोवीस तासच दिसतं, पण ते तुमच्या ओळखीच्या माणसांना दिसतं. मसाल्याच्या ऑर्डरी आल्या, आणि तीन जणींनी विचारलं, “तुमच्यात यायचं असेल तर काय करायचं?”

त्या तिघी अनोळखी नव्हत्या. एक कळव्याच्या शेजारणीची जाऊ, एक आमच्या अध्यक्षबाईंची जुनी मैत्रीण, एक पूर्वी त्याच चाळीत राहिलेली. म्हणजे शूटिंगने आठवण करून दिली, ओळख आधीचीच होती. आणि बचत गटात ती लागतेच. तिला कर्ज देताना बाकीच्यांनी हो म्हणायचं असतं. जिचं घर पाहिलं नाही, जी अडचणीत काय करते ते माहीत नाही, तिच्यासाठी हो कोण म्हणणार?

लालबाग-परळच्या बायकांना हे नवीन नाही. गिरण्या भरात होत्या तेव्हा एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरात जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या इथे चाळीचाळीत होत्या. किराणा उधारीवर, कामगारांचे पैसे पगाराला, आणि मधले दिवस सावकाराच्या व्याजावर. १९६९ साली बँका राष्ट्रीयीकृत झाल्या, पण बँकेच्या पायरीवर या बायकांना कोण उभं करणार? प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सुरुवातीला चौदा जणींना बँकेचं कर्ज मिळालं. तारण ठेवायला कुणाकडे काही नव्हतं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या. पुढे ते मंडळ हजारो बायकांचं झालं, प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. त्या काळात घरात साधा फोन असणं ही मोठी गोष्ट होती. या बायका जिना चढून, उंबऱ्यावर बसून, चूल चालू असताना बोलून जोडलेल्या होत्या. आमच्या गटातल्या एका काकूंच्या आईची खानावळ होती. त्या म्हणतात, आईला आपल्या प्रत्येक मेंबराचा पगार कधी, गाव कुठलं, आणि कोण कधी पैसे बुडवील हे तोंडपाठ होतं. आमच्याकडे जेवायला येणाऱ्यालाही ‘मेंबर’च म्हणायचे, बरं का.

आणि गणपतीचं म्हणाल तर लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. कोळी बायका-पुरुषांना, छोट्या विक्रेत्यांना बाजारासाठी हक्काची जागा मिळावी म्हणून बोललेल्या नवसातून ते उभं राहिलं. आता घरबसल्या मोबाईलवर दर्शन होतं, बघणारे जगभर. पण कुठल्याही मंडळातल्या माणसाला खासगीत विचारा, रात्री दोनला बॅरिकेड उचलायला किती येतात? ते आकडे वेगळे असतात. मला तसे बघणारे नको होते, बॅरिकेड उचलणारे हवे होते.

गिऱ्हाइकांची एक चूक चटकन सांगून टाकते. मसाला घेणाऱ्या सगळ्यांना मी एकाच ग्रुपमध्ये घातलं, न विचारता. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. त्यातल्या कुणीतरी आमच्या एका तरुण मेंबरला रात्री-अपरात्री मेसेज करायला सुरुवात केली. तो ग्रुप त्याच दिवशी बंद केला. आता ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते. त्यात निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. फक्त त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असावा लागतो, नाहीतर पोचत नाही. आणि कुणीही मागितला तरी सहा आकडी कोड सांगायचा नाही, अगदी ओळखीच्या नंबरवरून मागितला तरी. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

आता ती गोष्ट.

२०२० चा उन्हाळा. लॉकडाऊन. लोकल बंद, बैठका बंद. बचत कुणाची जमा झाली, कर्ज कुणाकडे किती, हे कळायला मार्ग नाही, आणि मी वहीची मालकीण. बायकांच्या मनात शंका नको म्हणून मी ठरवलं, की हिशोब उघडा ठेवायचा. वहीच्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. नाव, एकूण बचत, कर्ज, बाकी. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. तिघी-चौघींनी अंगठा दाखवला.

आमच्यातली एक जण, नाव सांगत नाही, तिच्या घरात फोन एकच होता. नवऱ्याचा. मुलाची शाळाही त्याच फोनवर चाललेली. गटाचा निरोप ती रात्री सगळे झोपल्यावर बघायची. त्या दिवशी फोटो नवऱ्याने आधी बघितला. तिच्या नावापुढे लिहिलेलं, बचत १६,८००. सात वर्षांची. ही बचत त्याला माहीत नव्हती. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून ती भाजीतून, दुधातून काढून ठेवत होती.

तो माणूस वाईट नव्हता, हेही मला सांगायला हवं. तीन महिने काम नव्हतं. भाडं थकलेलं. दोन मित्रांकडे त्याने हात पसरले होते. आणि त्याच वेळी बायकोच्या नावावर पैसे आहेत आणि आपल्याला सांगितलं नाही, हे त्याला एका फोटोवरून कळलं. घरात काय झालं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. शेजारणीच्या नंबरवरून. म्हणाली, “ताई, माझे सगळे पैसे काढून द्या.”

मी समजावायला लागले. हिशोब सगळ्यांना दिसावा म्हणून टाकला, त्यात लपवण्यासारखं काय, असलंच काहीतरी बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, वही तुमच्या कपाटात होती ना? मग ती त्यांच्या खिशात कशी गेली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे दिले. त्याच संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडल्याची करडी ओळ आली. ती तिने केली की त्याने, कळायला मार्ग नाही.

त्यानंतर आमच्याकडे बरंच बदललं. ग्रुपवर कुणाच्याही नावापुढे आकडा जात नाही. हिशोब बैठकीत मोठ्याने वाचला जातो, तिथे तो सगळ्यांनी ऐकायचाच, कारण खोलीत आम्हीच असतो. येऊ न शकणारीला तिचा तिचा हिशोब फोन करून सांगते. कुणाचा हप्ता थकला तर ते ग्रुपवर चुकूनही येत नाही, ‘काही जणींनी हप्ता भरलेला नाही’ असं मोघमसुद्धा नाही. कारण ते कुणाबद्दल आहे हे तिला बरोबर कळतं, आणि पुढच्या बैठकीला ती येत नाही. तुमच्या गटातून गेलेल्या बायका आठवून बघा. थकबाकीमुळे किती गेल्या आणि थकबाकीची चर्चा झाली म्हणून किती गेल्या?

आणि नोंदवहीत मी एक रकाना वाढवलाय. नवीन बाई आली की विचारते, फोन कुणाचा आहे आणि कितीला करू? पहिल्यांदा विचारलं तेव्हा बायका हसल्या. मग एकेक सांगायला लागल्या. एकीचा फोन मुलाकडे असतो. एकीला दुपारी दोन ते तीन. एक म्हणाली, मेसेज अजिबात नको, मिस्ड कॉल द्या, मी खाली जाऊन करते. एक म्हणाली, माझा फोन माझाच आहे पण रिचार्ज महिन्याआड होतो. आज दोन गटांत मिळून आम्ही सत्तावीस जणी आहोत. फोन फक्त स्वतःचा असलेल्या त्यातल्या अकरा. बाकीच्या सोळा जणींना मी जे लिहीन ते आणखी कुणीतरी वाचणार, हे धरूनच लिहायचं. आणि ज्यांचा रिचार्ज संपलाय त्यांना शेजारणीकडून निरोप. रिचार्ज संपला म्हणून कुणाची बैठक चुकता कामा नये.

फोटोचंही तसंच. आधी विचारायचं. एका सुनेने सांगितलं, मला काढा पण टाकू नका, माहेरी माहीत नाही मी मसाला विकते ते. का माहीत नाही, हा तिचा प्रश्न. आम्ही तिच्या हातांचा फोटो टाकतो, ते हात सगळ्यात सुंदर आलेत असं मला वाटतं.

बैठक आता आळीपाळीने होते, एक महिना लालबागला, एक महिना दिव्याला. मी करी रोडवरून दुपारची गाडी पकडते, वही पिशवीत. दिव्याच्या बैठकीला आधी तीन जणी होत्या, आता नऊ येतात. यात कट्ट्याचा हात आहे हे मी मान्य करते. ज्या बाईने महिनाभर कट्ट्यावर भाकरीचे फोटो टाकलेत, तिला भेटायला बाकीच्या येतात. भाकरी खायलासुद्धा.

ती मात्र आलेली नाही. तिची मुलगी नर्सिंगला गेली की नाही, मला शेजारणीकडूनही नीट कळलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती मला मसाल्याच्या गल्लीत दिसली. संकेश्वरी मिरची हातात घेऊन देठं बघत होती. थांबली, तब्येतीची चौकशी केली, माझ्या आईचं विचारलं. गटाचं मी काढलं नाही. जाताना ती म्हणाली, “आता माझा वेगळा फोन आहे.” आणि नंबर दिला.

तो नंबर मी कुठल्याच ग्रुपमध्ये घातलेला नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनला, मी तिला फोन करते आणि उद्या बैठक आहे एवढं सांगते. ती म्हणते, बघते ताई. मी म्हणते, बरं.